पोटखराबा

पनवेल तालुक्यातल्या कुठल्याही गावाचे सातबारे चाळा, ‘पोटखराब’ हा रकाना भेटतोच. सर्व्हे नंबरच्या पोटातला, पीक घेता येत नाही असा तुकडा. लहानपणी वडिलांच्या पिशवीतले उतारे वाचताना मला वाटायचं, इथलं काही खाल्लं की पोट बिघडत असणार. पुढे कळायला लागलं तेव्हा लक्षात आलं की आमच्या दोन म्हशी आणि बैलजोडी वर्षातले निदान आठ महिने त्याच तुकड्यावर आणि त्याला लागून असलेल्या गुरचरणीवर जगत होती. कागदावर जी जमीन निरुपयोगी, तिच्यावर घरातलं दूध, शेतातलं शेण आणि नांगर चालायचा. तलाठ्याचं चुकलं नव्हतं, कारण त्याला पिकाचं विचारलं होतं. गवताचं त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

हा लेखसंग्रह त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. चरणारी जनावरं आणि बदलतं हवापाणी मिळून एखाद्या जागेचा झाडोरा कसा घडवतात, कुठली वनस्पती टिकते, कुठली हटते, आणि तिच्या मागोमाग कुठले किडे-पाखरं येतात किंवा जातात, हा त्याचा विषय. शास्त्र मोठं आहे आणि जगभर विखुरलेलं आहे. पण ते समजून घ्यायला पनवेलसारखी सोयीची जागा नाही असं माझं मत आहे. एका बाजूला खाडी आणि तिवरं, मध्ये भातखाचरं, वर माळ आणि डोंगर, आणि पंचवीस-तीस मैलांवर बोरघाट. घाटाखाली पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. घाट चढून पुढे गेलं की शिरूर-बारामतीकडे पाचशेवर आला तरी लोक खूश. त्याच गाई-शेळ्या दोन्हीकडे चरतात आणि दोन्हीकडे अगदी वेगळं काही घडवतात.

आधी थोडं खाली बसून पाहू. नेऱ्याच्या पुढे मालडुंग्याच्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याशी एक माळ आहे. दिवाळी उलटली की गवत पिवळं पडायला लागतं, त्या सुमाराला तिथे हातभर जागा निवडून बसावं. पहिल्यांदा दिसतो शेणाचा वाळलेला पो. त्याच्याभोवती वीतभर वर्तुळात गवत गुडघ्याएवढं, अजून हिरवट. त्या वर्तुळाबाहेर मात्र न्हाव्याने वस्तरा फिरवल्यासारखं. गुरं आपल्याच शेणालगतचं गवत तोंडाला लावत नाहीत. शेणकिडे आणि पाऊस मिळून पो जिरवून टाकतात, पुढच्या वर्षी ते वर्तुळ दुसरीकडे. म्हणजे वरवर एकसारखा वाटणारा माळ खरं तर उंच-बुटक्या ठिगळांची गोधडी असतो, आणि ठिगळं दर वर्षी जागा बदलतात. उंच ठिगळात टोळ आणि नाकतोडे, बुटक्यात चंडोल आणि टिटव्या.

त्याच हातभर जागेत हरळी जमिनीला चिकटून पसरलेली आहे. टाकळा ताठ उभा, त्याला कोणी दात लावलेला नाही. कुसळी बीजावर आलेली, आणि तिचं कुसळ आत्तापावेतो तुमच्या मोज्यात शिरलेलंच असेल. ते कुसळ दवाने ओलं झालं की उलगडतं, उन्हाने सुकलं की पीळ घेतं. असं करत बी स्वतःला जमिनीत रोवून घेतं. मोज्याला ते जमीनच समजतं. चार पावलांवर करवंदीची जाळी आहे. फांद्या बाजूला सारून आत पाहिलं तर मधोमध ऐनाचं हात-दीड हात उंचीचं रोप निघतं. बाहेर उगवलेलं प्रत्येक रोप शेळ्यांनी ओरबाडलेलं असताना काट्यांच्या आडोशाला हे एकटं वाढलं. शेळीने ऐन खाल्ला, आणि शेळीने न खाल्लेल्या करवंदीने ऐन वाचवला. दोन्ही वाक्यं एकाच माळावर खरी आहेत. या विषयाची अडचण आणि मौज दोन्ही इथेच आहे.

गवत चरलं तरी मरत का नाही? त्याचा वाढीचा डोळा जमिनीलगत, खोडाच्या बुडाशी असतो. पातं वरून तोडलं तरी खालून पुढे सरकतं. बहुतेक इतर झाडोऱ्याचा शेंडा वर असतो. तो गेला की वाढ खुंटते, किंवा बाजूने फुटवे काढावे लागतात. गाईला वरचे पुढचे दात नसतात. ती जिभेने वेढा घालून गवताचा झुबका ओढते, त्यामुळे फार खाली कापू शकत नाही. मेंढीचा ओठ चिरलेला आणि चपळ, ती मुळाशी जाते. शेळी मागच्या पायांवर उभी राहून झुडपाचा पाला घेते, आणि बाभळीच्या शेंगा खाऊन रवंथ करताना बिया थुंकत जाते. धनगराच्या वाड्याच्या, म्हणजे मुक्कामाच्या तळाच्या, जागी बाभळी उगवतात त्या अशा. म्हशीला पाण्यातलं गवत चालतं आणि खाडीकाठी तिवराचा पालाही. तेव्हा ‘चराई’ असा एक शब्द वापरून आपण चार वेगवेगळी कामं एका नावाखाली ढकलतो.

शास्त्राची सुरुवात मात्र गाईपासून झाली नाही. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स याने १९१६ साली मांडलं की प्रत्येक हवामानात वनस्पतींची एक ठरलेली चढण असते. आधी तण, मग गवत, मग झुडपं, शेवटी त्या हवेला शोभणारा स्थिर झाडोरा, पावसाच्या मुलखात जंगल. गुरं, आग, कुऱ्हाड हे या चढणीतले अडथळे. ते काढले की जमीन आपोआप वर चढते. मांडणी इतकी सुबक होती की तिने राज्य केलं. आपल्याकडच्या वनखात्याच्या विचारात ती खोल मुरली. चॅम्पियन आणि सेठ यांचं १९६८ चं वनवर्गीकरण आजही वापरात आहे, आणि त्यात पुष्कळसा गवताळ मुलूख मूळ जंगलाची बिघडलेली अवस्था म्हणूनच हजेरी लावतो. १९८५ साली केंद्राने पडीक जमीन विकास मंडळ काढलं, त्यातल्या ‘पडीक’ या शब्दामागेही हीच नजर. आपला तलाठी आणि क्लेमेंट्स एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांचा रकाना एकच.

याच चौकटीत राहूनही चांगलं काम झालं. दाबडघाव आणि शंकरनारायण यांचं १९७३ चं भारतातल्या गवतांवरचं पुस्तक घ्या. देशभर फिरून त्यांनी गवताळ प्रदेशांचे पाच मोठे गट पाडले, आणि चराई वाढत गेली की उंच, रसाळ, बारमाही गवतं मागे हटून कुसळी आणि तिच्याहून निकस गवतं कशी पुढे येतात ते दाखवलं. दख्खनवरचा पवना आणि मारवेल आधी जातात, कुसळी मागून येते. हे कुठलाही मेंढपाळ सांगेल, पण सांगणं आणि मोजणं यांत फरक असतो.

क्लेमेंट्सच्या चढणीला तडे गेले ते काही अपघातांमुळे. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये सशांचा एक साथीचा रोग शिरला आणि दोनेक वर्षांत बहुतेक ससे मेले. शेतकरी सुखावले. पण सशांनी कुरतडून बुटकी ठेवलेली टेकड्यांवरची गवतं उंच झाली, त्यांच्या सावलीत जमीन थंड पडली, आणि उबदार जमिनीत राहणाऱ्या एका जातीच्या लाल मुंग्या तिथून कमी झाल्या. त्या मुंग्यांच्या वारुळात अळीपण काढणारं एक मोठं निळं फुलपाखरू १९७९ पर्यंत ब्रिटनमधून नाहीसं झालं. कुंपणं घालून जपलेल्या जागांवरूनही ते गेलं, कारण कुंपणाने गुरं बाहेर राहिली होती. नंतर स्वीडनमधून फुलपाखरं आणली, गुरं पुन्हा चरायला सोडली, तेव्हा ते परतलं. सशाचा रोग, गवताची उंची, मुंगीची ऊब, फुलपाखराचा वंश: ही साखळी एखाद्या पुराणकथेसारखी वाटते, पण ती थर्मामीटर लावून तपासलेली आहे.

सेरेंगेटीत सॅम मॅकनॉटन यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की विल्डबीस्टचे कळप जिथून चरून गेले तिथेच पुढे नवं कोवळं गवत फुटतं आणि मागून येणाऱ्या हरणांना तेच लागतं. चरणारं जनावर गवत नुसतं संपवत नाही, ते ‘पेरतं’ही. दुसरीकडे केनियातल्या तुर्काना भागात एलिस आणि स्विफ्ट यांनी १९८८ मध्ये म्हटलं की जिथे पावसाचाच भरवसा नाही तिथे गुरं आणि गवत यांचा तोल शोधत बसण्यात अर्थ नाही. दुष्काळ दोघांना मारतो, पाऊस दोघांना उठवतो, आणि मेंढपाळ चालत राहतो म्हणून तरतो. पुढच्याच वर्षी वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेयर यांनी चढणीची कल्पना सोडून दिली. त्यांच्या मते एका जमिनीच्या अनेक अवस्था असतात आणि एकीतून दुसरीत जायला धक्का लागतो. दोन ओल्या वर्षांत गुरं नसणं हाही धक्काच. आणि एकदा झुडपांनी पकडलेली जमीन गुरं हटवून परत मिळत नाही.

या तीन-चार घराण्यांची भांडणं पुस्तकात पुढे वाचायला मिळतील. मी कुठल्या घराण्याचा ते सांगून टाकतो म्हणजे वाचकाला सावध राहता येईल. मला वाटतं, प्रश्न ‘चराई चांगली की वाईट’ असा विचारणंच चुकीचं आहे. कोण चरतं, कधी, किती दिवस, आणि कसल्या पावसाच्या जमिनीवर, एवढं ठरल्याशिवाय उत्तर नाही. आणि चराई थांबवणं म्हणजे निसर्गाला त्याच्या वाटेवर सोडणं नव्हे. तीही एक कृती आहे, तिचेही परिणाम होतात आणि तेही मोजावे लागतात.

याचा सगळ्यात कडू धडा भरतपूरचा. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली हे आपल्या किहीमशी नातं असलेले गृहस्थ. तिथल्या सुगरणींवरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान व्हावं, तिथली गुरं हटावीत, हा त्यांचा आग्रह होता, आणि तेव्हाच्या समजुतीप्रमाणे तो रास्त होता. १९८२ मध्ये चराईबंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी घेऊन येणारी आसपासची गावं बिथरली, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. त्याच दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा दहा वर्षांचा अभ्यास चालू होता, व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली. निष्कर्ष सोसायटीच्याच अपेक्षेविरुद्ध आला: म्हशी गेल्यावर पाणथळीतलं एक गवत बेसुमार माजलं, मोकळं पाणी झाकलं गेलं, आणि ज्या पाणपक्ष्यांसाठी बंदी घातली त्यांचीच जागा आक्रसली. अंतिम अहवाल आला तेव्हा सालिम अली हयात नव्हते. स्वतःच्या संस्थापकतुल्य माणसाची भूमिका चुकली असं त्याच संस्थेने आकड्यांनिशी लिहावं, याला मी त्या संस्थेचं मोठेपण समजतो. पण हे मोठेपण ज्यांच्या घरातला माणूस गोळीने गेला त्यांच्या कामाचं नव्हतं.

आपल्या साताऱ्याच्या कास पठारावरही याची धाकटी आवृत्ती घडली. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली कास जागतिक वारशाच्या यादीत आलं, गर्दी लोटली, कुंपण आलं, गुरांना मज्जाव झाला. काही वर्षांनी स्थानिक लोक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ दोघेही म्हणू लागले की उंच गवत वाढतंय आणि गेंद, सीतेची आसवं, तेरडा यांसारखी बुटकी फुलं मागे पडतायत. कातळावरच्या बोटभर मातीत उगवणाऱ्या या फुलांना उजेड लागतो आणि गुरं त्यांच्या वाटचा उजेड मोकळा ठेवतात. शेवटी कुंपण काढलं गेलं. पर्यटकांच्या पायांचं काय करायचं हा प्रश्न उरलाच आहे, पण पायांचा आणि खुरांचा हिशेब एका वहीत मांडू नये.

आता घाटावरची आणि घाटाखालची गोष्ट वेगळी करतो, कारण इथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त गल्लत होते.

घाटावरचा गवताळ मुलूख हा तोडलेल्या जंगलाचा उरलासुरला भाग आहे, असं आपण शाळेपासून ऐकलं. पुरावा उलट बोलतो. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्याची नक्षी कोरलेली टरफलं मिळाली आहेत. शहामृग जंगलात राहत नाही. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं खणलं. म. के. ढवळीकरांची मांडणी अशी की इसवी सनापूर्वी हजाराच्या आसपास हवा कोरडी होत गेली, गहू-जवाची शेती ढासळली, आणि तिथली माणसं शेळ्यामेंढ्यांच्या मागे निघाली. गोल झोपड्या आल्या, चौकोनी घरं गेली. हवामान बदललं की जनावर बदलतं आणि जनावर बदललं की घराचा आकारसुद्धा बदलतो, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

अलीकडे, २०२५ मध्ये, आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी आणखी एक दार उघडलं. मध्ययुगीन मराठी ग्रंथांत, संतचरित्रांत आणि क्षेत्रकथांत कुठल्या झाडांचे उल्लेख येतात ते त्यांनी तपासलं, आणि त्यांतली बरीचशी झाडं मोकळ्या, उन्हाच्या, गवताळ माळाची निघाली. पंढरपूरच्या देवळातली कान्होपात्रेची तरटी आठवा. तरटी हे माळावरचं काटेरी झुडूप आहे, दाट रानातलं नव्हे. रा. चिं. ढेरे विठ्ठलाच्या मुळाशी गवळी-धनगरांचा देव शोधत होते, जर्मन अभ्यासक सोंथायमर बिरोबा-खंडोबाच्या वाटेने धनगरांमागे चालत होते. त्यांनी गोळा केलेल्या ओव्या-कथांत देव कुरणात सापडतो, मेंढ्यांच्या खुरांनी उघडा पडतो. जंगल तोडून कुरण झालं असतं तर या कथांना इतकी खोल मुळं कुठून आली असती?

घाटाच्या माथ्यावर आणि कोकणात मात्र पाऊस इतका की गुरं, आग आणि कोयता थांबले तर बहुतेक माळ वीस-तीस वर्षांत झाडी होऊ पाहतो. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी धनगरांच्या पोटशाखांवर केलेलं काम इथे उपयोगी पडतं. हटकर मेंढ्या घेऊन कोरड्या पट्ट्यात, गवळी धनगर म्हशी घेऊन घाटमाथ्याच्या पावसात. एकाच नावाखालच्या लोकांनी पाऊस वाटून घेतला होता. मेंढीचे खूर ओल्यात कुजतात, म्हणून मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या आत घाट चढतात. पनवेलकरांनी हे वाडे महामार्गाच्या कडेने जाताना पाहिले आहेत. भात कापलेल्या शेतात मेंढ्या बसवायच्या, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. घाटावरचं गवत असं मेंढीच्या पोटातून कोकणच्या खाचरात उतरायचं.

पनवेल हे तर गुरांचंच शहर होतं. जुन्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये पनवेलच्या गाडीच्या चाकांची तारीफ आहे: दख्खनहून येणारा प्रत्येक गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊन परततो. बोरघाटातून उतरणारे बैल बंदरावर माल टाकून इथल्या माळांवर चरत. पनवेल आधी ठाणे जिल्ह्यात आणि पुढे कुलाब्यात मोडायचं, आणि त्या काळी ठाणे-कुलाब्याचा मोठा तंटा होता राबाचा. भाताचा तरवा टाकायची जमीन भाजायला शेण, गवत आणि ऐनाच्या फांद्या लागत. इंग्रजांच्या वनखात्याला तीच झाडं इमारतीसाठी हवी होती. बोंब इतकी झाली की सरकारला १८८५ मध्ये खास आयोग नेमावा लागला. आजही आपल्या डोंगरात मुंडकं छाटल्यासारखे जुने ऐन दिसतात, ते त्या राबाचे साक्षीदार. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगराशी गोळीबार झाला त्याला आपण स्वातंत्र्यलढ्यातला जंगल सत्याग्रह म्हणतो, आणि तो होताच. पण त्या दिवशी हातात कोयते घेऊन गेलेल्या माणसांना झेंड्याइतकीच गवत-लाकडाचीही पडली होती, हे विसरू नये.

त्यानंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९७० मध्ये सिडको, १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर, २०१३ मध्ये विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची अधिसूचना, २०१६ मध्ये महापालिका, २०२५ च्या नाताळात विमानांची ये-जा. बैल ट्रॅक्टरने घालवला, म्हैस दुधाच्या पिशवीने, गुरचरण बिल्डरने आणि शासकीय प्रकल्पांनी. राखोळीला गुरं घेणारा गुराखी आता गावात शोधावा लागतो. उरलीत ती मोकाट गुरं, उड्डाणपुलाखाली प्लास्टिक चघळणारी. २०१५ च्या गोवंशहत्याबंदी कायद्यानंतर म्हातारा बैल विकायचीही सोय उरली नाही, तेव्हा त्यांत त्याचीही भर.

गुरं घटली तर डोंगर हिरवा व्हायला हवा होता. काही ठिकाणी झालाही. कर्नाळ्याच्या अभयारण्याची झाडी पाहा, १९६८ पासून राखलेली. पण संरक्षण नसलेल्या उतारांवर वेगळंच चाललंय. न चरलेलं, न कापलेलं गवत फाल्गुनात उभं वाळतं आणि वणवा लागला की पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त तापतो. कुंभा आणि पळस जाड सालीच्या जोरावर तगतात, करवंदीतला तो ऐन भाजून निघतो. जिथे आग नाही तिथे घाणेरी आणि रानमोडी येतात, ज्यांना गाय हुंगूनही पाहत नाही. गाजरगवत तर १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आता महामार्गाच्या प्रत्येक दुभाजकावर आहे. जुना तोल गुरांनी राखलेला होता. गुरं गेली, पण तोल राखणारं दुसरं कोणी आलं नाही.

याच्यावर हवामानाचा हात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० नंतर मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अशा पावसात उताराची माती धरून कोण ठेवतं? गवताच्या मुळांची जाळी ठेवते, घाणेरीखालची उघडी जमीन ठेवत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की उष्ण प्रदेशातल्या गवतांपेक्षा झुडपा-झाडांना फायदा जास्त होतो, कारण या गवतांकडे तो कमी असतानाही काम भागवायची युक्ती आधीपासून आहे. म्हणजे हवा झुडपांच्या बाजूने, चराईचा अभाव झुडपांच्या बाजूने, आणि वृक्षारोपणाचे सरकारी-बिगरसरकारी आकडेही झाडांच्याच बाजूने. गवताच्या बाजूने कोण?

इथे माझाही गुन्हा कबूल करतो. कॉलेजात असताना एका संस्थेच्या शिबिरात आम्ही चाळीस पोरांनी घाटावरच्या एका माळावर तीन दिवस खड्डे खणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली. फोटो काढले, छातीवर बिल्ले लावले. एक मेंढपाळ बाई लांब उभी राहून बघत होती. निघताना ती म्हणाली, “पोरांनो, हितं काय नव्हतं म्हनून लावलंत व्हय?” आम्ही हसलो. बारा वर्षांनी परत गेलो तर झाडं छान वाढली होती, खाली गवत नव्हतं, आणि खणताना डोक्यावर सतत गात असलेला चंडोल ऐकू आला नाही. ती बाईही त्या बाजूला फिरकत नसावी. मेंढ्यांना तिथे काही नव्हतं.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं आहे. अशा वर्षांनी फार काही होतं असं नाही, पण त्या निमित्ताने विषयाचं मराठीत एक पुस्तक व्हावं एवढं निमित्त आम्हाला पुरलं. गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये सामायिक कुरणाचं शेवटी वाटोळंच होतं असं लिहिलं आणि ते जगभर पाठ झालं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी गावोगावचे नियम गोळा करून ते खोडलं, त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं, पण खोडलेलं कोणी तेवढं पाठ केलं नाही. आपल्या गुरचरणींनाही नियम होते: पावसाळ्यात कुठला भाग राखायचा, विळा कधी लावायचा, भात कापल्यावर गुरं कधी मोकळी सोडायची. ते नियम जुन्या माणसांच्या तोंडी आहेत आणि ती माणसं जात चालली आहेत.

या पुस्तकात आम्ही दोन गोष्टी केल्या आहेत आणि एक मुद्दाम टाळली आहे. शास्त्रज्ञांना सांगितलं की गवताचं लॅटिन नाव द्यायचं तर त्याच्याआधी ते कोण खातं ते लिहा. गुराखी, तलाठी, पशुवैद्य, धनगर यांना सांगितलं की ‘पूर्वी’ म्हणायचं तर कुठल्या सालापूर्वी ते सांगा. दोघांनीही कुरकुर केली, आणि ती कुरकुर काही लेखांत दिसेल. टाळलं ते असं: गुरं ठेवावीत की हटवावीत याचा एक सर्वांना लागू असा सल्ला. खाडीकाठची खारबंदिस्ती फुटून भातात तिवर शिरलेलं गाव, प्रबळगडाखालची ठाकूरवाडी आणि सोलापूरजवळचा नान्नजचा माळढोकांचा माळ यांना एकच औषध देणं हे वैद्यकीच्या दृष्टीने गुन्ह्यात जमा व्हावं.

नावांचा घोळ मिटवायला फार दिवस गेले. घाटावर ज्याला एक म्हणतात त्याला कोकणात दुसरं, आणि कातकऱ्यांकडे तिसरंच. जिथे जुळलं नाही तिथे तिन्ही ठेवली. एका गवताचं मात्र काहीच जुळेना. मालडुंग्याच्या बाजूच्या वाडीतली माणसं त्याचं नाव सांगायची, गुरांना ते इतकं आवडतं की बघायला मिळायचं नाही म्हणायची. आणि गवत ओळखायला तुरा लागतो, नुसत्या पात्यावरून नाव सांगता येत नाही. तुऱ्यावर यायच्या आधीच गुरं ते फस्त करत. दोन पावसाळे शोधलं. गेल्या कार्तिकात एका गुराख्यानेच हाक मारून बोलावलं. करवंदीच्या जाळीत हात घालून, मनगटभर ओरखडे काढून घेत त्याने ते मुळासकट काढलं, तुऱ्यासह. तो नमुना आत्ता माझ्या टेबलावर जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत, दोन जाड पुस्तकांखाली दाबून ठेवलेला आहे. परिशिष्टात त्याच्यापुढची लॅटिन नावाची जागा मोकळी ठेवून हे हस्तलिखित छापखान्यात पाठवतो आहे.

पनवेल